ओळीच्या शेवटी स्टार

"टायपिंगच्या असंख्य चुका. क्लेरिकल निष्काळजीपणा. दुरुस्त करून नवी सीडी पाठवावी."

रेकॉर्ड ऑफिसचा हा शेरा माझ्या टेबलावर आला तो जानेवारी 2007 चा शेवटचा आठवडा होता, आणि तो दुसऱ्यांदा आला होता. मी तेव्हा कॅप्टन, पलटणीचा अ‍ॅडज्युटंट. जागा लेहजवळ, उंची साडेअकरा हजार फूट. झोजिला कधीच बंद झालेला. माणूस, टपाल, भाजी आणि सीडी, सगळ्यांना एकच रस्ता, तो म्हणजे विमान. हवा चांगली असेल तर.

सीडीवर किंड्रेड रोल होते. माझे फौजी वाचक जाणतातच, पण इतरांसाठी सांगतो. जवानाच्या घरच्यांची ही यादी: आईवडील, बायको, मुलं, जन्मतारखा, पत्ता. एरवी ती फाइलमध्ये झोपलेली असते. जवानाचं काही बरंवाईट झालं की मात्र पेन्शन कोणाच्या नावे निघायची ते हाच कागद ठरवतो. बायकोच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर ती बाई जिल्हा सैनिक कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत बसते. त्या वर्षी आम्हाला सगळ्या पलटणीची ही माहिती टेक्स्ट फाइलमध्ये घालून, जोडीला कागदपत्रांचे स्कॅन देऊन, सीडीवर पाठवायची होती. पेन ड्राइव्हला बंदी, नेटचा प्रश्नच नाही.

हे काम केलं होतं आमच्या हवालदार क्लार्कने. मदुराईकडचा माणूस, सतरा वर्षं सर्व्हिस, कमी बोलणारा. त्याचं टायपिंग ऐकत बसावं असं. शेऱ्याबरोबर चुकांच्या दोन पानांचा प्रिंट होता आणि त्यात लाल पेनाने गोल केले होते. फौजेत नावं कॅपिटलमध्ये लिहायची, हे खडकवासल्याला पहिल्या टर्मपासून डोक्यात ठोकलेलं. इथे कॅपिटल नावांच्या मधोमध एखादं स्मॉल अक्षर उगवलेलं. काही ठिकाणी दोन जवानांच्या ओळी एकमेकींत शिरलेल्या. शिवाय काही स्कॅन उघडत नव्हते. आकडे मात्र सगळे बरोबर. आर्मी नंबर, तारखा, पिनकोड, एकाही ठिकाणी गोल नाही.

मी काय निष्कर्ष काढला असेल? जो कोणीही काढला असता तोच. आकडे लक्ष देऊन घातले, नावं उरकली. शिफ्टवर बोट नीट पडलं नाही. मी त्याला बोलावलं. पहिल्या वेळी तोंडी समजावलं होतं, या वेळी लेखी ताकीद दिली. तो म्हणाला, "सर, मैंने दो बार चेक किया था." मी म्हटलं, दोन वेळा चेक केलं तर हे काय आहे? त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मी त्याची रजा थांबवली.

27 जानेवारीला तो चंदीगडच्या विमानात बसणार होता. रजेच्या अर्जावर कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: वडिलांचं पहिलं वर्ष, 6 फेब्रुवारी. मी सांगलीचा. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या वर्षश्राद्धाला बाबा नोकरीवरून दोन गाड्या बदलून आले होते, ते मी पाहिलेलं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. मी हिशेब केला की दोन दिवसांत फाइल दुरुस्त होईल, 29 ला विमान, 2 तारखेपर्यंत हा घरी. हिशेब कागदावर बरोबर होता. 29 ला सकाळी डोंगर दिसेनासे झाले आणि विमानं बंद पडली.

त्याच संध्याकाळी जनरेटर सुरू झाल्यावर तो माझ्याकडे आला. वीज आम्हाला संध्याकाळी तीन तास मिळायची, त्यातच सगळं. हातात तोच लाल गोलांचा प्रिंट. बुखारीजवळ उभा राहून म्हणाला, "सर, छोटा अक्षर मेरे से गलती से पड़ सकता है. लेकिन लाइन के एंड में स्टार मैं क्यों डालूँगा?"

मी पाहिलं. जिथे दोन ओळी एकमेकींत शिरल्या होत्या, तिथे सांध्यावर कुठे स्टारचं चिन्ह होतं, कुठे आडवी रेघ. मी ते आधीही पाहिलं होतं आणि कचरा म्हणून सोडून दिलं होतं. सतरा वर्षं टाइप करणारा माणूस ओळ संपवायला एंटर दाबतो. स्टार कुठून आला?

एनडीएत मी बीएससी कॉम्प्युटर सायन्स केलं होतं. त्यातलं बरंचसं ड्रिल आणि क्रॉसकंट्रीत गळून गेलेलं, पण अक्षरांचे क्रमांक लक्षात होते. कॉम्प्युटरच्या हिशेबी कॅपिटल ए म्हणजे 65, स्मॉल ए म्हणजे 97. फरक 32. कुठलंही अक्षर घ्या, फरक 32 च. ओळ संपते तिथे दोन अदृश्य खुणा असतात, 13 आणि 10. तेरात 32 मिळवा, 45 होतात, म्हणजे आडवी रेघ. दहात मिळवा, 42. बेचाळीस म्हणजे स्टार.

मी ते कागदाच्या कडेला लिहिलं आणि थंडीतही मला घाम फुटला. आकडे का बरोबर राहिले तेही तिथेच कळलं. शून्य ते नऊ यांचे क्रमांक 48 ते 57. त्यांच्यात ती 32 ची खूण आधीपासूनच असते, नव्याने मिळवायला जागाच नाही. मोकळी जागा तर स्वतःच 32. म्हणजे कुठे तरी एक बिट, एकच, अधूनमधून शून्याचा एक होत होता, आणि तो नेमका असा बिट होता की त्याची चूक हुबेहूब आळशी टायपिस्टच्या चुकीसारखी दिसावी. दुसरा कुठला बिट बिघडला असता तर नावांत भलतीच चिन्हं आली असती आणि पहिल्याच दिवशी सगळे म्हणाले असते, मशीन गेलं.

आता ते कुठे होत होतं?

कॅम्पमधल्या जाणकारांचं मत झटक्यात तयार होतं: हार्ड डिस्क. उंचीवर हार्ड डिस्क जातातच. यात तथ्य आहे. डिस्कचं हेड चकतीवर टेकत नाही, हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं, आणि बहुतेक कंपन्या तीन हजार मीटरपर्यंतचीच हमी देतात. आम्ही साडेतीन हजारांवर. पण क्लार्कने हार्ड डिस्कवरची मूळ फाइल उघडून दाखवली. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. तो खरंच दोनदा चेक करत होता, फक्त हार्ड डिस्कवर. सीडीवर काय उतरतंय ते कोणीच पाहत नव्हतं.

का पाहत नव्हतं, ते सांगायला हवं. सीडी जाळून झाली की सॉफ्टवेअर ती पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून बघतं. व्हेरिफाय नावाचा एक चौकोन असतो, त्यात टिक करायची. डिसेंबरमध्ये सीडी जाळायला अचानक फार वेळ लागू लागला. माउसही अडखळायचा. जनरेटरचे तीन तास, त्यात व्हेरिफायचा आणखी अर्धा-पाऊण तास. डिझेलचा हिशेब माझ्याकडे. मी त्याला सांगितलं होतं, ती टिक काढून टाक.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सिग्नल डिटॅचमेंटच्या मशीनवर आमची परत आलेली सीडी नेली. तिथे तीनदा वाचली आणि तिन्ही वेळच्या फाइली एकमेकींशी ताडल्या. कमांड प्रॉम्प्टवर एफसी स्लॅश बी ही आज्ञा दिली की दोन फाइलींत कुठल्या जागी कुठला बाइट वेगळा आहे त्याची यादी येते. तिन्ही एकसारख्या. चुका होत्या, पण प्रत्येक वेळी त्याच जागी. म्हणजे त्या सीडीवर कोरल्या गेल्या होत्या. मग तीच सीडी आमच्या मशीनवर तीनदा वाचली. तीन वेळा तीन वेगवेगळ्या याद्या. एकदा कोरलेलं असं दर वेळी बदलत नाही. सीडी सुटली. ती जाळतानाही आणि वाचतानाही बिघाड आमच्याच डब्यात होत होता.

यादी नीट पाहिली तर चुकांचे सगळे पत्ते विषम. एकही सम नाही. हे हाताला लागल्यावर पुढचा रस्ता सरळ होता. त्या काळच्या डेस्कटॉपमध्ये सीडी रायटर आणि मदरबोर्डवरचा कंट्रोलर यांच्यात चपटी राखाडी रिबन केबल असायची, चाळीस पिनांची. तिच्यातून एका वेळी सोळा बिट जातात, म्हणजे दोन बाइट शेजारी शेजारी. खालच्या आठ तारांवर सम पत्त्याचा बाइट, वरच्या आठ तारांवर विषम. वरच्या बाइटमधली 32 ची तार म्हणजे शून्यापासून मोजलं तर तेरावी डेटा लाइन, आणि कनेक्टरवर तिची पिन चौदावी. चाळीस पिनांतली एक, घरी बसून कागदावर सापडलेली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की काही मिनिटं मी ताकीद, रजा, सगळं विसरलो होतो. तेही लिहून टाकतो.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. केबलमध्ये चूक झाली तर कंट्रोलरला कळत कसं नाही? अल्ट्रा डीएमए पद्धतीत डेटा जातो तेव्हा दोन्ही टोकं आपापल्या परीने त्याची बेरीज ठेवतात, तिला सीआरसी म्हणतात. शेवटी बेरजा जुळवायच्या, जुळल्या नाहीत तर चूक जाहीर. मग आमचं मशीन गप्प का?

विंडोज एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनल उघडला. निवड होती, जमेल तिथे डीएमए. प्रत्यक्ष चालू होतं पीआयओ. एक्सपीचा नियमच असा की सीआरसी किंवा टाइमआउटच्या एकूण सहा चुका झाल्या की ड्रायव्हर त्या यंत्राचा वेग एक पायरी खाली आणतो. चुका होतच राहिल्या तर आणखी खाली, शेवटी पीआयओ. तिथे सगळा डेटा प्रोसेसरच्या हातून शब्द शब्द जातो, म्हणून मशीन रांगतं आणि माउस अडखळतो. आणि पीआयओमध्ये सीआरसी नसते. डिसेंबरच्या मध्यात, रात्री उणे पंधरा-वीस होऊ लागल्या तेव्हा, केबल तक्रार करू लागली असणार. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तिच्या तक्रारी तारखेनिशी होत्या: एटीएपीआय, क्रमांक 9 आणि 11, म्हणजे टाइमआउट आणि कंट्रोलर एरर. सीडी खराब असती तर क्रमांक 7 दिसला असता, बॅड ब्लॉकचा. तो एकदाही नव्हता. तक्रारी फार झाल्या म्हणून विंडोजने तक्रार करण्याची सोयच नसलेल्या पद्धतीवर तिला बसवलं. मग ती गप्प झाली. काम हळू झालं. काम हळू झालं म्हणून मी व्हेरिफाय काढायला लावलं.

आणि सीडी रायटर? त्याचं काम त्याने चोख केलं होतं. डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये 2,048 बाइट आपल्या माहितीचे आणि त्यांच्या जोडीला चुका पकडण्याचे, दुरुस्त करण्याचे जादा बाइट असतात. ओरखडा पडला तरी माहिती परत जुळवता येते ती त्यांच्यामुळे. पण रायटरच्या हाती पोचलेलं नावच बिघडलेलं होतं. त्याने त्या बिघडलेल्या नावावर सगळे हिशेब बिनचूक बांधून दिले. म्हणून रेकॉर्ड ऑफिसच्या मशीनला सीडीत काही दोष दिसला नाही. फक्त क्लार्कचा दिसला.

मी चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं. डीएमए परत आलं, वेग परत आला. जाळायला घेतलेली सीडी अर्ध्यावर एरर देऊन थांबली. इतक्या आनंदाने मी कुठलीही सीडी वाया घालवलेली नाही. क्लार्क म्हणाला, "अब चिल्ला रहा है, सर." एका मशीनमधला दुसरा रायटर लावून पाहिला, तेच. त्यामुळे उरली केबल किंवा मदरबोर्ड.

केबल काढली. डब्यात ती पॉवर सप्लायखाली दामटून घुसवलेली होती, मदरबोर्डकडच्या कनेक्टरजवळ घडी पडलेली. सिग्नलच्या नाईकने मल्टिमीटर लावला. चौदा नंबरची तार सरळ धरली की बीप, घडीपाशी जरा वाकवली की शांतता. खोली सकाळी गोठलेली, बुखारी पेटली की गरम, रात्री पुन्हा गोठलेली, अशी दीड महिना आकसत-सैलावत होती ती. तुटक्या क्षणी तार अधांतरी राहायची आणि पलीकडे तिचं वाचन एक असं व्हायचं.

नवी केबल लेहच्या बाजारात जानेवारीत कोण देणार? स्टोअरमध्ये एक मेलेलं मशीन बोर्डाची वाट बघत पडलेलं होतं. क्वार्टर मास्टर साहेब म्हणाले, "सर, ये बोर्ड का माल है, इसमें से तार निकली तो लिखना पड़ेगा." मी म्हटलं, लिहा साहब. चाळीस पिनांच्या एका केबलसाठी तीन सह्या झाल्या. (त्या बोर्डाच्या वेळी मी पुढच्या पोस्टिंगवर होतो आणि तिथेही मला त्या केबलबद्दल एक पत्र आलं. ती वेगळी गोष्ट.)

1 फेब्रुवारीला सीडी जाळली. व्हेरिफायसकट. शेजारच्या मशीनवर नेऊन एफसी स्लॅश बी. फरक नाही. पाकिटात घालून सील केली. आता ती सीडी आणि तो हवालदार एकाच विमानाची वाट बघत होते.

मी सीओंकडे गेलो. सगळं सांगितलं, व्हेरिफायची टिक कोणी काढली तेही. ते तारा आणि पिना शांतपणे ऐकत होते, मग विचारलं, "ताकीद तोंडी दिलीस की लेखी?" लेखी. "मग हेही लेखी दे." मी ताकीद रद्द केल्याचं पत्र लिहिलं. कारण या रकान्यात काय घालावं यावर बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं, चूक अ‍ॅडज्युटंटची. पत्र त्याला दिलं तेव्हा त्याने वाचलं, घडी घातली, "थँक यू सर" म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

रोज पहाटे तो ट्रान्झिट कॅम्पला सामान घेऊन जायचा आणि दुपारी परत यायचा. 3, 4, 5. पाच तारखेला त्याने घरी फोन लावला, धाकट्या भावाला तमिळमध्ये काहीतरी सांगत राहिला. एसटीडीच्या खोलीबाहेर मी रांगेत होतो. एक शब्द कळला नाही.

6 तारखेला सुभेदार मेजर साहेबांनी जिप्सीची व्यवस्था केली. शे गावाजवळ सिंधूचा घाट आहे, तिथे. आमचे पंडितजी गढवालचे, त्यांचे मंत्र वेगळे, याच्या घरची रीत वेगळी. दोघांनी रस्त्यात ठरवून घेतलं काय करायचं, काय सोडायचं. लंगरमधून तांदूळ आणि तीळ आणले होते. केळीचं पान नव्हतं, स्टीलची थाळी होती. काठाजवळ बर्फाचा जाड पापुद्रा. पंडितजींनी काठीने फोडला. त्याने कोट काढला, स्वेटर काढला, आणि नुसत्या धोतरावर गुडघाभर पाण्यात उतरला. मी त्याचा कोट धरून काठावर उभा होतो. वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घ्यायचं होतं. तिन्ही नावं त्याने अगदी सावकाश घेतली.

परतताना गाडीत तो हीटरपाशी हात धरून बसला होता. मी म्हटलं, मी तुला 27 ला सोडायला हवं होतं. तो म्हणाला, "भाई ने घर पे कर दिया, सर." थोड्या वेळाने म्हणाला, "बड़ा बेटा मैं हूँ."

8 तारखेला विमान आलं.

एप्रिलच्या सुरुवातीला तो परतला. मुरुक्कूचा डबा मेसमध्ये ठेवला, हजेरी दिली. त्या महिन्याची सीडी त्याच संध्याकाळी जायची होती. त्याने जाळायला घेतली, व्हेरिफायची टिक केली आणि पडद्यासमोर हात बांधून बसला. नऊ वाजले. जनरेटरवाला दारात येऊन माझ्याकडे बघू लागला. मी त्याला हाताने थांबायला सांगितलं. पावणेदहाला ड्रॉवर बाहेर आला. क्लार्कने सीडी काढली, उजेडात धरून एकदा बघितली, पाकिटात घातली, आणि मग म्हणाला, "सर, अब लाइट बंद करवा दीजिए."